संरक्षणातील कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कायदा: सही कोणाची?

सप्टेंबर २०१६ मधील उरणची घटना नवी मुंबईकरांच्या स्मरणात असेल. उरीच्या हल्ल्याला जेमतेम चार दिवस झाले होते आणि उरणमधील काही शाळकरी मुलांनी शस्त्रधारी अनोळखी माणसे पाहिल्याचे सांगितले. उरणला नौदलाचा तळ आहे आणि शेजारी न्हावा-शेवा बंदर आहे, त्यामुळे मुलांचे बोलणे कोणी हसण्यावारी नेले नाही. मुंबई, नवी मुंबई, ठाणे आणि रायगडच्या किनाऱ्यावर अतिदक्षतेचा इशारा दिला गेला, पोलीस आणि नौदलाची पथके शोधाला लागली आणि अखेर कोणीही सापडले नाही.

त्या दिवशी प्रत्येक टप्प्यावर एक माणूस होता. मुलांचे म्हणणे शिक्षकांनी ऐकले, पोलिसांनी नोंदवले, कोणा अधिकाऱ्याने ते खरे धरण्याजोगे मानले आणि कोणी तरी आदेश दिला. पुढे चौकशी करायची ठरली असती, तर कोणी काय ऐकले, काय समजले आणि कशाच्या आधारे हुकूम दिला हे नावानिशी शोधता आले असते. आता हीच माहिती किनाऱ्यावरच्या कॅमेऱ्याने टिपली आहे, एका संगणकीय प्रणालीने तिला 'धोकादायक' असा शेरा दिला आहे आणि त्या शेऱ्यावरून शस्त्र रोखले गेले आहे अशी कल्पना करावी. चूक झाली, तर चौकशीत कोणाला बोलवायचे? संरक्षणातील कृत्रिम बुद्धिमत्तेचे नियमन हा विषय कितीही तांत्रिक दिसला, तरी माझ्या मते त्याच्या गाभ्याशी हा एकच प्रश्न आहे, आणि तो समजण्यासाठी संगणकशास्त्राच्या आधी आपले कायदे पाहावे लागतात.

कायदा माणसाचे नाव का मागतो

राष्ट्रीय सुरक्षेचे आपले कायदे सरकारला फार मोठे अधिकार देतात. मात्र अधिकार देताना ते जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एक अट घालतात: निर्णय कोणत्या तरी ठरावीक पदावरच्या व्यक्तीने, कारणे नोंदवून घ्यायचा आणि दुसऱ्या कोणी तरी तो तपासायचा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६९ घ्या. या कलमाखाली संगणकातील किंवा फोनमधील माहिती मध्येच अडवून वाचता येते. परंतु २००९ च्या नियमांनुसार त्यासाठी केंद्रात केंद्रीय गृहसचिवांचा आणि राज्यात राज्याच्या गृहसचिवांचा आदेश लागतो, आदेशात कारणे द्यावी लागतात, त्याची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत आढावा समितीकडे जाते, आदेश ६० दिवस चालतो आणि मुदतवाढ धरून १८० दिवसांच्या पुढे जात नाही. २० डिसेंबर २०१८ च्या आदेशाने केंद्र सरकारने या कामासाठी १० यंत्रणांची नावे जाहीर केली, तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. पण ती नावे कागदावर होती म्हणूनच तो वाद तरी घालता आला.

प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचेही तसेच आहे. राष्ट्रीय सुरक्षा अधिनियम, १९८० नुसार राज्य सरकारने अधिकार दिला असेल, तर ठाण्याचे किंवा नवी मुंबईचे पोलीस आयुक्त एखाद्याला खटल्याविना स्थानबद्ध करण्याचा आदेश काढू शकतात. त्या आदेशाला १२ दिवसांत राज्य सरकारची मान्यता मिळाली नाही तर तो गळून पडतो, प्रकरण तीन आठवड्यांत सल्लागार मंडळापुढे ठेवावे लागते आणि कमाल मुदत १२ महिन्यांची आहे. हा कायदा कठोर आहे आणि त्यावरची टीका मला पटते, तरीही त्यातला कठोरपणा एका नाव असलेल्या अधिकाऱ्याच्या 'समाधाना'वर उभा आहे आणि त्या समाधानाला न्यायालयात आव्हान देता येते.

सर्वांत बोलका नमुना सशस्त्र दले (विशेषाधिकार) अधिनियम, १९५८ मध्ये सापडतो. अशांत घोषित केलेल्या क्षेत्रात कलम ४ खाली सैन्याचा अधिकारी, अगदी नॉन-कमिशन्ड (हवालदारासारखा) अधिकारीसुद्धा, सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी आवश्यक आहे असे 'त्याचे मत' झाल्यास, योग्य तो इशारा देऊन, जीव जाईल इतका बळाचा वापर करू शकतो. कायद्याने हा अधिकार मताला बांधला आहे. मत होणे म्हणजे समोरचे पाहणे, ते तोलणे, शंका घेणे आणि त्या शंकेवर मात करणे किंवा तिच्यापुढे थांबणे. यंत्र आकडा देते. त्याला मत नसते. उद्या एखाद्या जवानाने, पडद्यावर लाल चौकट दिसली म्हणून गोळी चालवली, तर कायद्याला अपेक्षित असलेले मत कोणाचे होते, याचे उत्तर १९५८ च्या शब्दांत सापडणार नाही.

हा प्रश्न यंत्र येण्याच्या आधीपासूनच किती अवघड आहे, हे नागालँडमधील ओटिंगने दाखवले. ४ डिसेंबर २०२१ रोजी कोळशाच्या खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांच्या गाडीवर सैन्याच्या तुकडीने गोळीबार केला. गाडीत आठ जण होते, त्यांतील सहा मरण पावले. चुकीच्या ओळखीतून हे घडल्याचे केंद्रीय गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितले. खटला चालवायला या कायद्याच्या कलम ६ खाली केंद्राची मंजुरी लागते. ती मिळाली नाही आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३० जवानांवरील फौजदारी कार्यवाही बंद केली. ओळख माणसांनी पटवली होती, आदेश माणसांचा होता, नावे आरोपपत्रात होती. एवढे असूनही उत्तरदायित्वाची वाट इतकी अरुंद निघाली. ओळख पटवण्याचे काम यंत्राकडे गेल्यावर ती आणखी किती अरुंद होईल, हे मला अस्वस्थ करते.

याउलट ९ मार्च २०२२ ची घटना पाहा. त्या दिवशी आपले एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. दोन अण्वस्त्रधारी देशांमध्ये असे घडणे किती भयंकर ठरू शकले असते, हे सांगायला नको. चौकशीत ठरलेल्या कार्यपद्धतीचे उल्लंघन झाल्याचे आढळले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांची सेवा संपुष्टात आणली गेली. निर्णयाच्या साखळीत प्रत्येक कडीला माणसाचे नाव होते, म्हणून चौकशीला दिशा मिळाली. अण्वस्त्रांच्या बाबतीत तर ही साखळी देशाने उघडपणे जाहीर केली आहे: ४ जानेवारी २००३ च्या निवेदनानुसार त्यांच्या वापराचा अधिकार केवळ पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राजकीय परिषदेला आहे.

यंत्र काय करते

संरक्षणात कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटले की चालकाविना उडणारे, स्वतःच माणसे टिपणारे ड्रोन डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात यातले बरेचसे काम फार साधे आहे. विमानाच्या इंजिनाचा कोणता भाग कधी बदलावा लागेल याचा अंदाज बांधणे, सुट्या भागांचा साठा सांभाळणे, परकीय भाषेतील संभाषणाचे भाषांतर करणे, उपग्रहाच्या हजारो छायाचित्रांतून बदल झालेले ठिकाण शोधणे ही ती कामे. इंजिनाचा अंदाज चुकला तर पैसा वाया जातो. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. खरा प्रश्न यंत्र माणसांवर पाळत ठेवू लागते, त्यांची वर्गवारी करू लागते आणि त्या वर्गवारीवरून कोणावर कारवाई करावी हे सुचवू लागते तेव्हा सुरू होतो.

अशी प्रणाली नियम पाठ करून चालत नाही. तिला आधी लाखो नमुने दाखवले जातात, त्यांतून ती साम्ये टिपते आणि नवे चित्र आले की ते कशासारखे दिसते याची शक्यता सांगते. ही शक्यता तिने पाहिलेल्या नमुन्यांवर अवलंबून असते. गुजरातच्या मोठ्या ट्रॉलरांची छायाचित्रे पाहून शिकलेल्या प्रणालीला बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातील छोटी होडी, भरतीच्या वेळी खारफुटीच्या आडून अचानक बाहेर येणारी, वेगळी आणि म्हणून संशयास्पद वाटू शकते. उलटपक्षी २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्लेखोरांनी समुद्रात ताब्यात घेतलेली 'कुबेर' ही खरीखुरी मासेमारी नौका होती. नेहमीच्या नौका पाहून शिकलेल्या यंत्राला तिच्यात वावगे काय दिसले असते?

इथे थोडा हिशेब करावा लागेल आणि वाचकाने तो कंटाळा न करता वाचावा अशी माझी विनंती आहे, कारण या विषयातील बहुतेक गैरसमज या हिशेबापाशी येऊन अडतात. समजा, ठाणे खाडी आणि मुंबई बंदराच्या परिसरात वर्षभरात लहान होड्यांच्या एक लाख फेऱ्या होतात. हा आकडा मी केवळ समजावण्यासाठी घेतला आहे. त्यांतील एकच फेरी खरोखर घातक आहे. आपल्याकडे ९९ टक्के अचूक प्रणाली आहे, म्हणजे ती घातक फेरी बहुधा पकडेल आणि निरुपद्रवी फेऱ्यांपैकी शंभरांत एकीला चुकून संशयित ठरवेल. आता निरुपद्रवी फेऱ्या आहेत ९९,९९९. त्यांचा एक टक्का म्हणजे सुमारे १,०००. म्हणजे वर्षभरात यंत्र सुमारे १,००१ वेळा धोक्याची सूचना देईल आणि त्यांतली एकच खरी असेल. '९९ टक्के अचूक' यंत्राने बोट दाखवलेली होडी खरोखर घातक असण्याची शक्यता हजारात एक एवढीच उरते.

खोलीत बसलेल्या अधिकाऱ्याच्या बाजूने पाहिले तर दिवसाला जवळजवळ तीन सूचना, सगळ्या खोट्या, महिनोन्‌महिने. यातून दोन सवयी लागू शकतात. एक म्हणजे सूचनांकडे काणाडोळा करण्याची, मग खरी सूचनाही निसटते. दुसरी म्हणजे न तपासता यंत्राच्या मागे जाण्याची, मग एखादा कोळी हकनाक अडकतो, आणि होडीवर रोखलेले शस्त्र जर त्याच यंत्राशी जोडलेले असेल तर त्याच्या जिवावर बेतते. शस्त्र जोडण्याआधी हा हिशेब कोणी मांडायचा, किती खोट्या सूचना चालवून घ्यायच्या आणि तो आकडा कोणी मंजूर करायचा, या गोष्टी अभियंत्यावर सोडून देता येत नाहीत. त्या कायद्याच्या आणि धोरणाच्या आहेत.

'माणूस मध्ये ठेवा' म्हणणे पुरेसे आहे का

या सगळ्यावर एक उपाय नेहमी सुचवला जातो: अंतिम निर्णय माणसानेच घ्यावा. तत्त्व म्हणून ते योग्य आहे, पण इतिहास पाहिला तर तेवढ्याने भागत नाही. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकेच्या 'व्हिन्सेन्स' या युद्धनौकेने पर्शियाच्या आखातात इराण एअरचे ६५५ क्रमांकाचे प्रवासी विमान पाडले आणि २९० माणसे मारली गेली. नौकेवर रडार आणि शस्त्रे हाताळणारी, त्या काळातील अत्यंत प्रगत एजिस प्रणाली होती. प्रणालीच्या नोंदींनुसार विमान वर चढत होते. ताणाखाली असलेल्या माणसांनी ते आपल्या दिशेने खाली येत असल्याचे सांगितले. यंत्राची नोंद बरोबर होती, चूक माणसांकडून झाली. मार्च २००३ मध्ये इराक युद्धात नेमके उलट झाले. पेट्रियट क्षेपणास्त्र प्रणालीने ब्रिटनच्या टॉर्नेडो विमानाला शत्रूचे क्षेपणास्त्र मानले, माणसांनी त्यावर विश्वास ठेवला आणि त्या विमानातील आपल्याच बाजूचे दोघे मेले. पुढच्याच महिन्यात याच प्रणालीने अमेरिकेचे स्वतःचे एक लढाऊ विमान पाडले.

आणि २६ सप्टेंबर १९८३ ची रात्र. सोव्हिएत पूर्वसूचना केंद्रात स्तानिस्लाव पेत्रोव्ह या अधिकाऱ्याच्या पडद्यावर अमेरिकेने क्षेपणास्त्रे सोडल्याची सूचना झळकली. खरा हल्ला इतक्या थोड्या क्षेपणास्त्रांनी होणार नाही असे त्याने मनाशी ठरवले, जमिनीवरच्या रडारांकडून दुजोरा मिळत नव्हता हेही पाहिले आणि सूचना खोटी असल्याचे वर कळवले. पुढे ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशामुळे उपग्रह फसल्याचे निष्पन्न झाले.

या सगळ्या प्रसंगांत माणूस मध्ये होताच. पेत्रोव्हच्या हाती जे होते ते बाकीच्यांकडे नव्हते: थांबायला थोडा वेळ, पडताळायला दुसरा स्रोत आणि यंत्राला 'नाही' म्हणण्याइतका अधिकार. म्हणून 'मानवी नियंत्रण' हे शब्द कायद्यात लिहिले की काम झाले असे मी मानत नाही. किती सेकंद, कोणती माहिती, कोणत्या हुद्द्याचा माणूस आणि यंत्राचे न ऐकल्याबद्दल त्याला शिक्षा होणार नाही याची काय हमी, हे लिहिले गेले तरच त्या शब्दांना अर्थ येतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा ३०००.०९ हा निर्देश २०१२ मध्ये निघाला आणि जानेवारी २०२३ मध्ये सुधारला गेला. त्यात बळाच्या वापरावर 'योग्य पातळीचा मानवी विवेक' असावा असे म्हटले आहे. योग्य पातळी म्हणजे किती, हे प्रत्येक शस्त्रागणिक ठरवायचे म्हणून शब्द मोकळा ठेवला आहे आणि त्या निर्देशाची कमजोरीही त्याच मोकळेपणात आहे.

सहीसुद्धा पोकळ होऊ शकते, याचा दाखला शोधायला परदेशी जावे लागत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी नेमलेल्या, न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१८ च्या आपल्या अहवालात एक गोष्ट नमूद केली आहे. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार केंद्र सरकारकडून फोन ऐकण्याचे महिन्याला ७,५०० ते ९,००० आदेश निघत होते. आढावा समितीची बैठक दोन महिन्यांतून एकदा होत असे, म्हणजे एका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश तपासायचे. हे काम अवास्तव असल्याचे अहवालानेच म्हटले आहे. कोणत्याही यंत्राशिवाय, केवळ संख्येच्या भाराने, तपासणीचा ठसा उमटवणे एवढेच उरते. कृत्रिम बुद्धिमत्ता संशयितांची यादी मिनिटांत शेकड्यांनी वाढवू शकते. तपासणाऱ्या अधिकाऱ्यांची संख्या तशी वाढत नाही.

जग कुठे आहे, आपण कुठे आहोत

युद्धाचे आंतरराष्ट्रीय नियम जुने आहेत आणि ते यंत्रांनाही लागू होतात. लढणारा आणि न लढणारा यांत भेद करा, लष्करी लाभाच्या मानाने नागरिकांची हानी अवाजवी होऊ देऊ नका, हल्ल्याआधी शक्य ती खबरदारी घ्या, हे त्यांचे सार. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या पूरक करारातील (प्रोटोकॉल) कलम ३६ नुसार प्रत्येक नवे शस्त्र या नियमांत बसते का, हे वापरापूर्वी तपासावे लागते. भारत १९४९ च्या जिनिव्हा करारांचा भागीदार आहे आणि त्यांच्यासाठी आपण १९६० मध्ये कायदाही केला, मात्र या पूरक कराराने आपण बांधील नाही. त्यामुळे शस्त्रांची अशी कायदेशीर तपासणी करण्याचे करारातून येणारे बंधन आपल्यावर नाही. ती स्वतःहून, देशांतर्गत कायद्याने सुरू करायला मात्र कोणाची आडकाठी नाही.

स्वायत्त, म्हणजे स्वतःच लक्ष्य निवडून मारा करणाऱ्या, शस्त्रांवरची चर्चा संयुक्त राष्ट्रांच्या पारंपरिक शस्त्रांविषयीच्या कराराखाली चालते. २०१७ आणि २०१८ मध्ये या चर्चेसाठीच्या तज्ज्ञगटाचे अध्यक्षपद भारताचे राजदूत अमनदीप सिंग गिल यांच्याकडे होते आणि २०१९ मध्ये ११ मार्गदर्शक तत्त्वे मान्य झाली. शस्त्राच्या वापराची जबाबदारी माणसाचीच राहते, ती यंत्रावर ढकलता येत नाही, हे त्यांतले महत्त्वाचे. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये या विषयावरील ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १५२ मतांनी संमत झाला तेव्हा विरोधी चार मतांत भारताचे एक मत होते. चर्चा याच कराराच्या चौकटीत व्हावी आणि बंधनकारक करार करण्याची वेळ अजून आलेली नाही, ही आपली भूमिका. दोन शेजाऱ्यांकडून सतत धोका असलेल्या देशाने हात बांधून घ्यायला कचरावे हे मी समजू शकतो. मात्र बाहेर हात मोकळे ठेवायचे असतील तर घरातले नियम अधिक पक्के हवेत.

ज्या युरोपीय संघाने २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर सर्वंकष कायदा केला, त्यानेही लष्करी, संरक्षण आणि राष्ट्रीय सुरक्षेसाठीचा वापर कलम २ मध्ये सरळ वगळला आहे. नोकरीच्या अर्जांची छाननी करणाऱ्या प्रणालीवर तिथे कडक नियम आहेत आणि लक्ष्य निवडणाऱ्या प्रणालीवर त्या कायद्याचा एकही नियम नाही.

आपल्याकडे २०१८ मध्ये एन. चंद्रशेखरन यांच्या अध्यक्षतेखालील कृती दलाने शिफारशी केल्या. त्यांतून संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील संरक्षण कृत्रिम बुद्धिमत्ता परिषद आणि प्रकल्प राबवणारी एक संस्था उभी राहिली, त्या संस्थेसाठी वर्षाला १०० कोटी रुपयांची तरतूद ठेवली गेली. जुलै २०२२ मध्ये अशी ७५ उत्पादने एकाच वेळी सादर झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये संरक्षण दल प्रमुख जनरल अनिल चौहान यांच्या हस्ते अशा प्रणालींची विश्वासार्हता जोखण्याची चौकट जाहीर झाली. विश्वासार्हता, सुरक्षितता, पारदर्शकता, निष्पक्षता आणि गोपनीयता हे तिचे आधार आहेत. हे पाऊल मला महत्त्वाचे वाटते, कारण त्यामुळे 'चांगली प्रणाली' म्हणजे काय यावर खात्याच्या आत एक समान भाषा तयार होते. पण ही चौकट म्हणजे संसदेने केलेला कायदा नव्हे. ती पाळली नाही, तर कोणा नागरिकाला ती पुढे करून न्यायालयात जाता येत नाही.

गुप्ततेची भिंत

संरक्षणातल्या गोष्टी उघड करता येत नाहीत, हे कोणी नाकारत नाही. येऊरच्या डोंगरावर हवाई दलाचे ठाणे आहे, अंबरनाथला आयुध निर्माणी आणि नौदलासाठी संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे. तिथे काय चालते हे शेजारच्या वस्तीला माहीत नसते आणि ते तसेच असले पाहिजे. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३, माहिती अधिकार कायद्यातील कलम ८ आणि कलम २४ मधील सवलती यासाठीच आहेत. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम १७ नुसार देशाच्या सुरक्षेसाठी केंद्र सरकार आपल्या एखाद्या यंत्रणेला या कायद्यातून पूर्णपणे सूट देऊ शकते. ऐरोली, रबाळे आणि महापे या पट्ट्यात देशातील कितीतरी विदा केंद्रे उभी आहेत. आपल्या फोनमधला मजकूर, फिरण्याच्या नोंदी आणि व्यवहार तिथल्या सर्व्हरांवर साठतात. अशा साठ्यांतून एखादी सुरक्षा प्रणाली शिकली, तर ते आपल्याला कळण्याचा मार्ग या सवलतींनंतर फारसा उरत नाही.

अशा वेळी उरते ती न्यायालयाची वाट, आणि तिथे गेल्या काही वर्षांत आशादायक पायंडे पडले आहेत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि त्यावरच्या निर्बंधाला कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि हेतूच्या प्रमाणातील उपाय या कसोट्या लावल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या पेगासस प्रणालीच्या प्रकरणात, राष्ट्रीय सुरक्षेचा नुसता उल्लेख झाला म्हणून न्यायालय हात जोडून बसणार नाही, अशा आशयाची भूमिका घेत तांत्रिक समिती नेमली गेली. एप्रिल २०२३ मध्ये एका मल्याळी वृत्तवाहिनीच्या प्रकरणात सीलबंद लिफाफ्यातून एकाच बाजूने माहिती देण्याच्या पद्धतीवर न्यायालयाने कठोर ताशेरे ओढले. न्यायालय लिफाफा उघडायला लावू शकते. पण लिफाफ्यात कागदाऐवजी कोट्यवधी आकड्यांची प्रणाली असेल आणि तिने अमुक माणूस का निवडला हे ती बनवणाऱ्यालाही सांगता येत नसेल, तर लिफाफा उघडूनही न्यायमूर्तींच्या हाती वाचण्याजोगे काही लागत नाही.

गुप्तचर यंत्रणांवर संसदेची देखरेख असावी म्हणून खासदार मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये खासगी विधेयक मांडले होते; ते पुढे गेले नाही. आपल्या प्रमुख गुप्तचर संस्था संसदेच्या कोणत्याही कायद्याने स्थापन झालेल्या नाहीत. संरक्षण खर्चाचे लेखापरीक्षण मात्र महालेखापरीक्षक करतात, संसदेची संरक्षणविषयक स्थायी समितीही आहे. गुपित राखून तपासणी करता येते, याचा हा रोजचा दाखला आहे, आणि प्रणालींच्या चाचण्यांचे निकाल या दारातून आत नेता येतील असे मला वाटते.

महाप्यातल्या अभियंत्याचे काय

ठाण्यात एका वाचकगटात मी हा विषय मांडला तेव्हा निवृत्त अभियंता असलेल्या एका काकांनी विचारले, "प्रणाली बनवणारा माझ्या मुलासारखा कोणी तरी महाप्यातल्या कंपनीत बसलेला असणार. त्याच्यावर खटला भरणार का?" संरक्षण खाते २०१८ पासून नवउद्योगांकडूनही तंत्रज्ञान घेत आहे, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. चित्रांना 'होडी', 'ट्रॉलर', 'संशयित' अशी नावे देणाऱ्या तरुणाला ती चित्रे कुठे वापरली जाणार हे बहुधा सांगितलेलेही नसते. त्याला दोषी धरणे अन्याय्य ठरेल आणि 'प्रणालीची चूक' म्हणून विषय संपवणे त्याहून अन्याय्य. माझ्या समजुतीप्रमाणे जबाबदारी दोन ठिकाणी बांधावी लागेल: प्रणाली कोणत्या परिस्थितीत चालते आणि कोणत्या परिस्थितीत चालत नाही हे लेखी देणाऱ्या कंपनीवर, आणि ते वाचून ती विशिष्ट ठिकाणी वापरण्याची परवानगी देणाऱ्या नामनिर्देशित अधिकाऱ्यावर. ट्रॉलरांवर शिकलेली प्रणाली खाडीतल्या होड्यांवर लावण्याचा कागद कोणी सही केला, हे त्यातून कळेल.

सहीच्या बरोबरीने नोंद लागते. त्या क्षणी प्रणालीची कोणती आवृत्ती चालू होती, तिने किती टक्के खात्री दाखवली, अधिकाऱ्याच्या पडद्यावर नेमके काय होते, त्याला किती सेकंद मिळाले आणि त्याने दुसरा स्रोत पाहिला का, एवढे जपले नाही तर चौकशी समितीपुढे ठेवायला काहीच राहणार नाही. इथे आपल्याच नियमांतली एक अडचण समोर येते. २००९ च्या नियमांतील नियम २३ सांगतो की माहिती अडवण्याच्या आदेशांच्या आणि त्यांतून मिळालेल्या माहितीच्या नोंदी, कामकाजासाठी गरज नसल्यास, सुरक्षा यंत्रणांनी दर सहा महिन्यांनी नष्ट कराव्यात. नागरिकाच्या खासगीपणासाठी हा नियम चांगला आहे. निरपराध माणसाचे संभाषण सरकारी कपाटात वर्षानुवर्षे पडून राहू नये. पण त्याच माहितीवरून एखादी प्रणाली शिकली असेल, तर सहा महिन्यांनंतर मूळ नोंद गेलेली असते आणि तिच्यावरून बनलेला अंदाज मात्र प्रणालीत कायम राहतो. सातव्या महिन्यात त्या अंदाजावरून दिवाळ्याच्या एखाद्या कोळ्याची होडी अडवली गेली, तर संशय कशावरून आला हे दाखवणारा कागद नियमानुसारच नष्ट झालेला असेल.